अझेलियाचा रंग सर्वांत शेवटी बघावा

वॉशिंग्टनच्या ईशान्य भागातल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात माउंट हॅमिल्टन नावाची टेकडी आहे. एप्रिलच्या उत्तरार्धात उंच झाडांच्या विरळ सावलीत ही टेकडी अझेलियांनी गुलाबी, पांढरी, लाल, जांभळी होते आणि शहरातली माणसं मुलाबाळांसह ती बघायला लोटतात. बघणाऱ्याला वाटतं, इथे कुणीतरी मनसोक्त रंग उधळलेत. प्रत्यक्षात या झाडांच्या जन्मकथेत रंग बराच उशिरा येतो. उद्यानाचे पहिले संचालक बेंजामिन मॉरिसन यांच्यापुढे 1930 च्या दशकात जो प्रश्न होता तो थंडीचा होता. अमेरिकेच्या दक्षिणेत, चार्ल्सटन आणि मोबिलसारख्या शहरांत, फुलणाऱ्या मोठ्या फुलांच्या अझेलिया वॉशिंग्टनच्या हिवाळ्यात तग धरत नसत. ज्या तग धरत त्यांची फुलं लहान असत. मॉरिसन यांनी मेरीलँडमधल्या ग्लेन डेल इथल्या सरकारी केंद्रात दोन्हींचे संकर केले, हजारो रोपं वाढवली आणि थंडीत टिकण्याची अट पार केलेल्यांमधूनच फुलांची निवड केली. अशा 454 जातींना त्यांनी नावं दिली. नाव न मिळालेली उरलेली रोपं या टेकडीवर लागली आणि 1949 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. अझेलियाला इतके रंग देणाऱ्या माणसानेही कामाला सुरुवात रंगापासून केली नाही, ही गोष्ट घरच्या बागेसाठी फार महत्त्वाची आहे. कारण नर्सरीत आपण नेमकं उलटं करतो. फुललेली कुंडी बघतो, रंग आवडतो, उचलतो, आणि घरी आल्यावर ती कुठे लावायची याचा विचार सुरू करतो. अझेलियाच्या बाबतीत हा क्रम जवळपास हमखास फसतो. का, ते मुळांपासून बघावं लागेल, आणि इथे मुळं हा शब्द अक्षरशः घ्यायचा आहे.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात अझेलिया ही वेगळी जमात उरलेली नाही. लिनियसने 1753 मध्ये तिला स्वतंत्र ठेवलं होतं, कारण तिच्या फुलात बहुधा पाच पुंकेसर असतात आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलात दहा. पुढे एकोणिसाव्या शतकात दोघींना एकाच घरात आणलं गेलं. हिमालयात भटकंती करणाऱ्यांनी बुरांशाची, म्हणजे तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनची, लालभडक फुलं पाहिलेली असतात; अझेलिया त्याच्याच गोतावळ्यातली, फक्त बहुतेक वेळा झुडपाच्या आकाराची. तिचे पूर्वज जपान, चीन आणि उत्तर अमेरिकेच्या डोंगरउतारांवर, बऱ्याचदा मोठ्या झाडांच्या छायेत, कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात वाढले. त्या थरात पाणी येतं आणि लगेच निघून जातं, अन्न थोडं असतं आणि माती आम्लधर्मी असते. अझेलियाची मुळं या परिस्थितीला इतकी सरावली आहेत की त्यांनी दुसरं काही शिकून घेतलेलंच नाही. ती अतिशय बारीक असतात, खोल जात नाहीत, बहुतेक सगळी मातीच्या वरच्या वीतभर थरात पसरतात आणि एका विशिष्ट बुरशीशी भागीदारी करून अन्न मिळवतात. माती कडक असेल तर त्यांना भेदता येत नाही, पाणी साचलं तर ती गुदमरून कुजतात, वरचा थर वाळला तर खालच्या ओलाव्याचा त्यांना उपयोग नाही. या झुडपाच्या लागवडीचे जे काही नियम सांगितले जातात ते या एका मुळाच्या स्वभावातून निघालेले आहेत. म्हणून ते पाठ करण्यापेक्षा मूळ समजून घेणं सोपं.

यातली सगळ्यांत कडक अट मातीच्या सामूची, म्हणजे पीएचची. अझेलियाला साधारण साडेचार ते सहा सामू असलेली माती लागते. महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असते. हा फरक आकड्यांत छोटा दिसतो, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. एक अंकाचा फरक म्हणजे दहापट. आठ सामूच्या मातीत लोह नसतं असं नाही, उलट बेसॉल्टपासून बनलेल्या आपल्या मातीत लोह विपुल असतं. पण चुन्याच्या सान्निध्यात ते अशा रूपात अडकून पडतं की मुळांना ते उचलता येत नाही. पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो, मग पांढरट होतो आणि टोकांपासून करपतो. चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे दुखणं नवीन नाही. फरक इतकाच की ऊस पिवळा पडूनही वाढत राहतो, अझेलिया एक-दोन वर्षांत संपते. इथे एक गमतीची गोष्ट आहे. जपानमध्ये अझेलियाचं माहेर मानला जाणारा क्यूशू बेटावरचा किरिशिमा डोंगर ज्वालामुखीचा आहे आणि दख्खनचं पठारही ज्वालामुखीच्याच लाव्ह्याचं. मग तिथे ती रानात वाढते आणि इथे कुंडीतही का कुरकुरते? उत्तर खडकापेक्षा पावसात जास्त आहे. भरपूर पाऊस खडकातून सुटलेलं कॅल्शियम धुऊन नेतो आणि माती आम्ल होते. पाऊस कमी असला की तेच कॅल्शियम चुनखडीच्या रूपात जमिनीतच साचून राहतं. महाबळेश्वरची तांबडी जांभ्याची माती आणि सोलापूरची काळी माती एकाच खडकाची दोन अपत्यं आहेत, ती या कारणानेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो उत्साही बागकाम करणाऱ्यांकडून: माती बदलता येते की! खड्डा घ्या, गंधक टाका, कोकोपीट भरा. हा आक्षेप हिशेब करून तपासण्यासारखा आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्ड्यात साधारण 190 ते 200 किलो माती असते. त्यात पाच टक्के चुना धरला, आणि पठारावर हे काही टोकाचं प्रमाण नव्हे, तर साडेनऊ किलोंहून जास्त चुना झाला. रसायनशास्त्राच्या हिशेबाने शंभर भाग चुना संपवायला बत्तीस भाग गंधक लागतं. म्हणजे एका झुडपासाठी तीन किलो गंधक, आणि तेही केवळ चुना निकालात काढण्यासाठी. सामू खाली आणण्याचं काम त्यानंतर सुरू होतं. गंधकाचं आम्लात रूपांतर जमिनीतले जिवाणू करतात, त्याला महिनोन्‌महिने लागतात, आणि या खटपटीत तयार होणारे क्षार त्या नाजूक मुळांभोवतीच साचतात. माती पूर्ण काढून नवी भरली तरी भोवतालच्या काळ्या मातीतून चुन्याचं पाणी झिरपत राहतं आणि पावसाळ्यात तो खड्डा चिकणमातीत खोदलेला हौद होतो. व्हिनेगर ओतल्याचा परिणाम फार टिकत नाही. कॉफीचा चोथा आम्ल असतो ही समजूत जगभर आहे. पण आम्ल बहुतांशी कपात उतरतं, चोथा जवळजवळ उदासीन राहतो. आपल्याकडच्या चहाच्या चोथ्याकडूनही चमत्काराची अपेक्षा करू नये. आणि घरगुती बागेत प्रेमाने घातल्या जाणाऱ्या राख, हाडांचा चुरा, अंड्यांची टरफलं या तीन गोष्टी तर अझेलियाला सरळ घातक, कारण तिन्हींतून चुनाच जातो. द्राक्षबागायतदार विचारतील की आपण खारवट जमिनीत डॉगरिजचा खुंट वापरतो, तसा अझेलियासाठी नाही का? विचार बरोबर दिशेचा आहे. जर्मनीत थोडाफार चुना सोसणारा खुंट तयार झालेला आहे, पण तो मुख्यतः मोठ्या पानांच्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी, आणि त्याची सहनशक्तीही आपल्या पांढरीच्या जमिनीपर्यंत पोचणारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, कारण तो डोळ्यांसमोरच्या पुराव्यावर उभा आहे. थंडीत पुण्या-मुंबईच्या नर्सरीत अझेलियाच्या कुंड्या फुलांनी गच्च भरलेल्या दिसतात. ती इथे वाढत नाही असं कसं म्हणता? ती इथे फुललेली असते हे खरं, पण इथे फुलवलेली असतेच असं नाही. कुंडीत विकल्या जाणाऱ्या अझेलियांचा मोठा व्यवसाय बेल्जियममधल्या गेंट शहराभोवती एकोणिसाव्या शतकापासून वाढला आणि त्याची तंत्रं जगभर पसरली. या अझेलियाच्या कळ्या उन्हाळ्यात धरतात आणि मग झोपी जातात. त्यांना जागं व्हायला काही आठवड्यांची सलग थंडी, साधारण दहा अंशांच्या खाली, लागते. व्यावसायिक उत्पादक ही थंडी डोंगरातल्या हिवाळ्यातून किंवा थेट शीतगृहातून देतात आणि कळ्या फुगल्यावर माल बाजारात येतो. पुण्यात डिसेंबरात रात्री दहा-बारा अंशांवर जातात, पण दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. ही थंडी कळीला पुरत नाही. पहिल्या वर्षी डोळे दिपवणारी कुंडी दुसऱ्या वर्षी पानांवर थांबते त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं, आणि दोष मात्र खताला दिला जातो. दुसरी गोष्ट आकाराची. अशा कुंड्यांमधली रोपं आटोपशीर राहावीत म्हणून वाढरोधक रसायनं वापरण्याची पद्धत आहे; कोकणातल्या हापूसच्या बागायतदारांना माहीत असलेलं कल्टारमधलं द्रव्य त्यांतलंच एक. त्याचा अंमल उतरला की झुडूप आपल्या मूळ स्वभावावर जातं. तेव्हा फुललेली कुंडी हा त्या जातीच्या रंगाचा पुरावा आहे. ती आपल्या घरी जगेल याचा नाही.

म्हणजे पठारावर अझेलिया घेऊच नये का? घ्यावी, पण काय विकत घेतोय ते समजून. महिना-दीड महिना फुललेला गुच्छ म्हणून घेतली तर फुलदाणीतल्या फुलांपेक्षा ती नक्कीच जास्त टिकते आणि व्यवहार तोट्याचा ठरत नाही. वर्षानुवर्षं जगवायची असेल तर जमिनीचा नाद सोडून कुंडीतच ठेवावी, धुतलेलं कोकोपीट, चांगलं कुजलेलं पानखत आणि झाडांच्या सालीचे तुकडे असं मातीविना मिश्रण भरावं, आणि सगळ्यांत जास्त लक्ष पाण्याकडे द्यावं. बोअरवेलचं जड पाणी कितीही चांगल्या मिश्रणाचं काही महिन्यांत वाटोळं करतं, कारण त्यातले बायकार्बोनेट रोज थोडा थोडा सामू वर ढकलत राहतात. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही नको, कारण त्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. खत द्यायचं तर अमोनियम सल्फेटसारखं, तेही चिमटीने. एवढी उस्तवार करण्याची तयारी नसेल तर अंगणातल्या एक्झोऱ्याकडे एकदा बघावं. तोही आम्लधर्मी मातीचा चाहता, फक्त बराच सोशिक. त्याचीच पानं हिरव्या शिरा ठेवून पिवळी पडत असतील तर त्या जागी अझेलियाचं काय होईल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीचा प्रश्न वेगळा आहे. तिथली जांभ्याची माती आम्ल, उंची साधारण साडेतेराशे मीटरच्या आसपास, हिवाळ्याच्या रात्री खऱ्या अर्थाने थंड. कागदावर हे सगळं जुळतं. अडचण येते ती पावसाळ्याची: तीन-चार महिने माती सतत चिंब, आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तेवढंच हवं असतं. तिथे उतारावर, जमिनीपासून वर उचललेल्या वाफ्यात लावली तर तर्काला धरून आहे. सपाट अंगणात खड्डा करून लावणं म्हणजे जुलैत तिला बुडवणं. कोकणच्या जांभ्यात सामूची अट पुरी होते, पण थंडीची होत नाही. उटी, कोडाईकॅनॉल, शिलाँग, कालिम्पाँग, दार्जिलिंग इथे माती, थंडी आणि निचरा तिन्ही एकत्र येतात, आणि तिथल्या बागांमध्ये अझेलिया फार लाड न करता वाढते. निसर्गानेही हाच निवाडा केलेला दिसतो. ऱ्होडोडेंड्रॉनची एक रानटी उपजात निलगिरी आणि पलणीच्या उंच माळांवर आहे, पण सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या रांगेत तिचा मागमूस नाही.

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, जॉर्जिया अशा राज्यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटतो. तिथे माती बहुधा आम्ल, थंडी भरपूर, आणि घर विकत घेतलं की दर्शनी भिंतीला टेकलेली अझेलिया बऱ्याचदा आयतीच मिळते. इथे चूक होते ती आकाराच्या बाबतीत. दक्षिणेतली 'फॉर्मोसा' ही जांभळट-गुलाबी जात नर्सरीत गुडघाभर असते आणि पुढे आठ-दहा फूट उंच आणि जवळपास तितकीच रुंद होते. ती खिडकीखाली लावली की काही वर्षांनी खिडकी दिसेनाशी होते. मग घरमालक दर शरद ऋतूत कात्री घेऊन तिला चौकोनी कापतो आणि वसंतात फुलं का येत नाहीत म्हणून हैराण होतो. पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, तेव्हा शरदातली छाटणी ही फुलांचीच छाटणी असते. छाटायचंच तर फुलं गळताक्षणी, पुढच्या काही आठवड्यांत. जपानी बागांमध्ये अझेलिया कातरून गोल-घुमटाकार ठेवतात, मग आम्ही का नाही, असं यावर कुणी म्हणेल. ठेवतात, पण त्यासाठी दाट, बारीक पानांच्या जाती निवडलेल्या असतात आणि कातरण्याची वेळ फुलांच्या हिशेबाने सांभाळलेली असते. खिडकीखाली दोन-अडीच फुटांवर थांबणारी 'गुम्पो' लावली असती तर कात्रीचा प्रश्नच आला नसता. याच भिंतीची आणखी एक खोड आहे: काँक्रीटच्या पायातून आणि सिमेंटच्या दर्जांतून चुना पाझरतो. एकाच ओळीतल्या झुडपांपैकी भिंतीला अगदी चिकटलेली पिवळी आणि हातभर पुढची हिरवी दिसली तर कारण तिथे शोधावं.

आकारानंतर थंडी. अमेरिकेच्या कृषी खात्याचा किमान तापमानाचा नकाशा, त्याची ताजी आवृत्ती 2023 ची, सगळ्या नर्सऱ्या वापरतात आणि तो उपयुक्त आहे, पण तो फक्त हिवाळ्यातली नीचांकी थंडी सांगतो. उन्हाळा किती कडक, माती कशी, याबद्दल तो मुका आहे. दक्षिणेतल्या मोठ्या फुलांच्या जाती उणे दहा-बारा अंशांपलीकडे भरवशाच्या नाहीत. क्यूशूमधल्या कुरुमे गावच्या जाती त्याहून काटक असतात. अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिसंग्राहकाने 1918 मध्ये तिथे जाऊन 50 जाती निवडल्या आणि बोस्टनच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाकडे पाठवल्या, त्यातून त्या अमेरिकेत रुजल्या. जपानला या निवडीची सवय फार जुनी. इतो इहेइ या माळ्याने एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, अझेलियांच्या जातींचं सचित्र पुस्तक 1692 मध्येच काढलं होतं. मिनेसोटासारख्या प्रदेशात यांपैकी काहीच चालत नाही. तिथल्या विद्यापीठाने पानगळीच्या अझेलियांपासून 'नॉर्दर्न लाइट्स' ही मालिका तयार केली, जिच्या कळ्या उणे 34 अंशांतही वाचतात. शिकागोच्या उपनगरातल्या माणसाने अटलांटातल्या भावाच्या बागेतला फोटो बघून जात ठरवू नये ती यासाठी. लुइझियानाच्या रॉबर्ट ली यांनी घडवलेल्या 'एन्कोअर' जातींचा अलीकडे बोलबाला आहे, कारण त्या वसंतात फुलून शरदात पुन्हा फुलतात. सोय चांगली आहे. पण दोनदा फुलायला ऊन जास्त लागतं, आणि दाट सावलीच्या अंगणात ती जादा किंमत वाया जाते.

उन्हाचा मुद्दा इथे आला आहे तर त्याचा निकाल लावू. अझेलिया अर्ध्या सावलीची, सकाळचं ऊन आणि दुपारची छाया हवी असलेली वनस्पती, हे सगळे सांगतात. त्याचं सगळ्यांत ठोस कारण मात्र क्वचित सांगितलं जातं. पानांच्या खालून रस शोषणारा एक जाळीदार पंखांचा कीटक आहे, जपानमधून आलेला. त्याने पछाडलेलं झुडूप वरून पांढुरकं, ठिपकेदार दिसतं. भर उन्हातल्या झुडपांवर तो अधिक माजतो. मेरीलँडमधल्या कीटकशास्त्रज्ञांच्या अभ्यासात असं दिसलं की मोठी झाडं, झुडपं आणि जमिनीलगतचा झाडोरा अशी थरांची बाग असेल तिथे या कीटकाला खाणारे कोळी आणि इतर भक्षक जास्त असतात आणि त्यामुळे त्याचा उपद्रव कमी राहतो. मोकळ्या हिरवळीत एकटी लावलेली अझेलिया दरसाल औषध मारून जगवावी लागते, झाडाखाली लावलेली बव्हंशी स्वतःची काळजी घेते. जागा चुकली की औषधाचा खर्च कायमचा मागे लागतो.

लावण्याच्या पद्धतीतही आपल्या हाताची सवय मोडावी लागते. आपण झाड लावलं की भोवती आळं करतो, पाणी त्यात थांबावं म्हणून. अझेलियाला आळं नको, उंचवटा हवा. खड्डा रुंद घ्यावा पण मुळांच्या गड्ड्याहून खोल नाही, आणि गड्ड्याचा माथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं वर राहील असा ठेवावा. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं हाताने मोकळी करावीत किंवा सुरीने उभ्या रेघा माराव्यात. तसं न केल्यास ती त्याच वर्तुळात फिरत राहतात आणि बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत. वरून पाइनच्या सुया किंवा सालीचं दोन-तीन इंचांचं आच्छादन, खोडापासून थोडं लांब. बुंध्याभोवती खुरपणी करू नये, कारण खुरप्याच्या टोकाखाली माती कमी आणि मुळंच जास्त असतात. घरात कुत्रा असेल किंवा कुंपणाशी शेळ्या येत असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पानं, फुलं, मध, सगळ्यांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर असा मध खाऊन झेनोफनचे ग्रीक सैनिक इसवी सनापूर्वी 401 मध्ये भोवळून पडले होते.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं फार झालं. कित्येक जुन्या घरांपुढे पन्नास-साठ वर्षांच्या अझेलिया कुणी ढुंकून न बघता फुलत असतात. हे पूर्णपणे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही. माउंट हॅमिल्टनवरच्या अझेलिया 2010 मध्ये, पैसा कमी पडतो म्हणून, काढून टाकण्याची योजना जाहीर झाली होती. लोकांनी एवढा गदारोळ केला की ती मागे घ्यावी लागली. त्या वेळी त्या झाडांना साठहून अधिक वर्षं झाली होती. ती टिकली कारण उतार होता, वर झाडं होती, खाली आम्ल माती आणि दरसाल पडणारा पालापाचोळा होता. जागेने जे दिलं ते माळ्याला द्यावं लागलं नाही. काळजी न घेता जगणारी अझेलिया म्हणजे लावण्याआधी काळजी घेतलेली अझेलिया, किंवा निव्वळ नशीबवान. आपल्याला दिसतात त्या उरलेल्या. ज्या चुकीच्या जागी लागल्या त्या कधीच उपटून गेल्या, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

माती, थंडी, आकार आणि सावली या चार चाळण्यांतून गेल्यावर हातात पाच-सहा जाती उरतात, आणि मग रंगाची निवड खुशाल लहरीने करावी. तरी खरेदी फुललेल्या दिवसांतच करावी, कारण छापील चित्रांतला आणि चिठ्ठीवरचा रंग भरवशाचा नसतो, आणि 'गुलाबी अझेलिया' एवढ्यावर न थांबता जातीचं नाव मागून घ्यावं. भडक किरमिजी-जांभळ्या जाती सगळ्यांत जास्त विकल्या जातात आणि अमेरिकेतल्या नारिंगी विटांच्या भिंतीपुढे सगळ्यांत वाईट दिसतात, असं माझं मत आहे. तिथे पांढरी अझेलिया भिंतीलाही शोभते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरही उठून दिसते. सदाहरित अझेलियांमध्ये खरा पिवळा रंग नाही. तो हवा असेल तर पानगळीच्या जातींकडे वळावं लागतं, आणि अॅपलाचियन डोंगरातली ज्वाळांच्या रंगाची रानटी अझेलिया त्यांतली अग्रगण्य. हिवाळ्यात ती नुसत्या काटक्या होऊन उभी राहते, म्हणून दर्शनी भिंतीसाठी लोक तिला नाकारतात. मागच्या अंगणात, ओकच्या झाडाखाली, ती जरूर लावावी.